जीपचं नाक

"अजून वायच वर," मामा म्हणाले. "पाण्यात उतारलेलो माणूस नाक कसा वर धरता? तसा धरा."

मी पाइप आणखी वर सरकवला. काळा, जाड पीव्हीसी पाइप. जीपच्या उजव्या अंगाला, पुढच्या काचेच्या खांबाला टेकवून मी तो धरला होता, आणि माझे सासरे चार पावलं मागे जाऊन, एक डोळा मिटून बघत होते. होडीचा नाळ, म्हणजे पुढचा उभा वासा, सरळ बसला की नाही, हे ते असंच बघायचे.

"छपराच्या वर गेला मामा. आता काय माडाला टेकवू?"

"ऱ्हवांदे. आता बरा दिसता."

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. हे जगन्नाथ मेस्त, खाडीकाठच्या गावात सगळा जन्म होड्या बांधण्यात गेलेला माणूस. हात कापायला लागले तसं त्यांनी काम थांबवलं होतं, आणि काम थांबवलेल्या माणसाइतकी दुसऱ्याच्या कामात लुडबुड कोणी करत नाही. आठवडाभरासाठी म्हणून लेकीकडे आले ते होळीपासून आमच्याकडेच होते. मला त्यांचा राग यायचा आणि ते नसले तर काम पुढे सरकायचं नाही, अशी माझी गत होती.

जीप माझी, भाड्याची. मे महिन्यात मुंबईकर, गणपतीला पुन्हा मुंबईकर, मध्ये लग्नं, आंब्याच्या पेट्या आणि आजारी माणसं. पण हे नाक आम्ही भाड्यासाठी बसवत नव्हतो. ते वैजूसाठी होतं.

वैजयंती माझी बायको. तिच्या दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला कुडाळला डायलिसिसला न्यावं लागे. आमचं खुरवडे गाव आणि कुडाळचा रस्ता यांच्यामध्ये नदी, आणि नदीवर बसका कॉजवे. पावसाळ्यात तो पाण्याखाली जायचा, कधी एक दिवस, कधी चार. दुसरा रस्ता नाही. डायलिसिस एकदा चुकला तर वैजूच्या पायांवर सूज चढायची आणि तिला आडवं झोपता यायचं नाही. दोनदा चुकला तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि आम्ही ते घरात बोलत नव्हतो.

आदल्या वर्षी चार महिने ती कुडाळला माझ्या चुलतबहिणीकडे राहिली. बहीण चांगली, भावोजी चांगले, तरी वैजू तिथून परत आली ती निम्मी होऊन. आली आणि परड्यात जाऊन आधी दुधी भोपळ्याचा वेल बघितला. "यंदाचो पावसाळो मी माज्या घरात काढतलंय," ती म्हणाली. "लोकांच्या घरात खोकलंय तरी माका वाटता, कोणाक जाग येतली."

मामा म्हणाले, "काढ. मी बघतंय नदयेक काय करूचा ता."

नदीला काय करणार? पण जीपला काहीतरी करता येण्यासारखं होतं. मागच्या पावसात आमच्याच वाडीतल्या एकाने कॉजवेवर गाडी घातली होती. इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढलं, आतला दांडा वाकला आणि गाडी जागच्या जागी मेली. तेव्हापासून वाडीत एकच धडा सगळ्यांना पाठ होता, की पाण्यात गाडी मरते ती नाकात पाणी जाऊन. लष्कराच्या गाड्या नदीतून जाताना मी मोबाइलवर बघितल्या होत्या. त्यांच्या छपराच्या उंचीला नळी असते, तोंड मागे वळवलेलं. इंजिन जिथून हवा घेतं ते तोंड उचलून वर न्यायचं, एवढाच खेळ. मग आम्ही सगळे त्या नाकाच्या मागे लागलो.

सोपं नव्हतं. बॉनेटच्या बाजूचा पत्रा कापला, त्यातून पाइप आत घेतला आणि एअर फिल्टरच्या डब्याला रबरी नळीने जोडला. क्लिपा आवळल्या, सांध्यांच्या फटींत लांबी भरली. चालू करून पाय दाबला तर इंजिनाला ढास लागल्यासारखी झाली आणि मागून काळा धूर. बॉनेट उघडून बघतो तर इंजिनाच्या ओढीने रबरी नळी चपटी होऊन बसलेली. मी शिव्या घातल्या. मामा परड्यात गेले आणि पाण्याच्या पंपाची जुनी नळी घेऊन आले, जिच्या आत तारेचं वेटोळं असतं.

"ही चपटी जायत?" त्यांनी विचारलं.

गेली नाही. इंजिन सुरळीत चालायला लागलं. आता सांधे गळतात की नाही हे बघायचं राहिलं, आणि त्याची रीत अशी, की पाइपाचं वरचं तोंड हाताने गच्च बंद करायचं. इंजिन गुदमरून बंद पडलं तर सांधे पक्के. चालत राहिलं तर हवा कुठून तरी चोरवाटेने येतेय, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येणार.

"मी करतंय," वैजू म्हणाली. ती जीपच्या पायरीवर चढली, एका हाताने खांब धरला आणि दुसऱ्या हाताचा तळवा पाइपावर ठेवला. इंजिन थरथरलं, खोकलं आणि बंद पडलं. ती खुशीत माझ्याकडे बघून हसली. "अवो, ओढता हो हात आत. चांगला दम हा तेका."

तिने ते दोन-तीन वेळा करून बघितलं. कित्येक महिन्यांत मी तिला असं काही मजेने करताना बघितलं नव्हतं, म्हणून मीही पुन्हा पुन्हा गाडी चालू करून दिली.

मग मामा जीपच्या खाली शिरले. म्हाताऱ्याला खाली जायला काही कारण नव्हतं, पण शिरले, आणि खालून त्यांचा आवाज आला. "जावयानू, ह्या काय? खालसून सगळो उजेड दिसता."

जीपच्या तळाला भोकं असतात. आत पाणी साचू नये म्हणून दिलेली, त्यांना रबरी बुचं. माझ्या जीपची निम्मी बुचं केव्हाच पडली होती. पेडलच्या दांड्यांभोवती फटी, दारांच्या खाली फटी. मी सांगितलं, की गाडीला असतंच हे.

"असता म्हणजे? पाणी शिरतला आत. तेच्यात माजा चेडू पाय भिजवन बसतला? तेच्या अंगात आदीच पाणी सोसना नाय."

वैजूला दिवसाकाठी पाणी मोजून प्यावं लागायचं. बाहेर नदी दुथडी, आणि ही एक फुलपात्र पुरवून पुरवून प्यायची. ओल्या पायांनी कुडाळपर्यंत गारठत गेली तर ताप येईल, हेही खरं होतं. मी म्हटलं, करा काय ते.

त्यानंतर मामांचे हात कापले नाहीत. कापसाचे पीळ तेलात भिजवून त्यांनी एकेका भोकात, एकेका फटीत ठासले, बोथट पटाशी आणि लाकडी हातोडी घेऊन, वरून तेलात उकळलेली राळ ओतली. दारांच्या कडांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या. काम बघत राहावं असं होतं. शेवटी आतून दिवा लावून ते स्वतः खाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"काळोख," ते खालून म्हणाले. एवढं समाधानी मी त्यांना पुन्हा कधी बघितलं नाही.

आषाढात कॉजवेवर पहिल्यांदा पाणी आलं. चाकाच्या मध्यापर्यंतच असेल. मामांनी बॉनेटवर नारळ फोडला, पाइपाला कुंकू लावलं. वैजू म्हणाली, "बाबा, आता हार तेवडो घाला, मगे मी नवरी कशी बसतंय." आम्ही पाण्यात उतरलो आणि पलीकडे गेलो. आत एक थेंब नाही. वैजूने वाकून तळाला हात लावून बघितला आणि कोरडा तळवा बापाला दाखवला. तशा आम्ही बऱ्याच खेपा केल्या. पाणी त्याच्या वर कधी चढलं नाही, आणि आम्हाला वाटायला लागलं की नदी आपल्याला जमली. वैजूच्या भोपळ्याला फुलं आली. ती दारात खुर्ची टाकून पाऊस बघत बसायची, आणि मला वाटायचं, चार पाइपांच्या तुकड्यांनी केवढं काम केलं.

मग श्रावणात मोठा पूर आला. शुक्रवारी कॉजवे दिसतच नव्हता. मामांना मी विचारलं, होडीने? खाडीवर अजून त्यांच्या हातच्या होड्या होत्या, माणसं होती. ते रागावले. "ह्या ओढीत? मोठे मोठे ओंडके येतत वरसून. ह्या पाण्यात होडी घालूक मी खुळो नाय."

शुक्रवार गेला. शनिवारी वैजूचा चेहरा सुजला. रविवारी सकाळी ती भिंतीला उशा लावून बसूनच होती आणि एक वाक्य दोन तुकड्यांत बोलत होती. मी नदीवर जाऊन आलो. पाणी उतरलं होतं, कॉजवेच्या कडेचे पांढरे खांब अर्धे वर आले होते. बॉनेटच्या खाली राहील एवढंच पाणी. नाक त्याच्या किती तरी वर. मी कुडाळला फोन केला आणि रुग्णवाहिका पलीकडच्या काठावर बोलावून घेतली.

"जाऊया?" मी विचारलं.

मामांनी वैजूकडे बघितलं. "जाऊया," ते म्हणाले.

वैजू मागे बसली, मामा माझ्या शेजारी. पाऊस थांबला होता, चांगला उजेड होता. पलीकडच्या काठावर पांढरी गाडी आणि छत्र्या घेतलेली माणसं स्पष्ट दिसत होती. पहिल्या गिअरमध्ये, पाय एकसारखा ठेवून मी जीप पाण्यात घातली. पाणी डावीकडून येत होतं, दाराला धडकत होतं. इंजिन एका लयीत चाललं होतं. मध्यावर आलो आणि स्टिअरिंग हलकं झालं. इतकं हलकं, की मला आधी बरंच वाटलं.

"उचालली," मामा म्हणाले.

त्यांना माझ्या आधी कळलं. भीतीने म्हणाले नाहीत. नवी होडी पाण्यात लोटल्यावर ती पहिल्यांदा पाणी घेते, तेव्हा माणूस म्हणेल तसं म्हणाले. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

मागची बाजू पाण्यावर तरंगून उजवीकडे सरकत होती. मी पाय दाबला. चाकं फिरली, नुसती पाण्यात फिरली. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, काही फरक नाही. खांब आमच्या उजवीकडे होते ते समोर आले, मग डावीकडे गेले. आम्ही कॉजवे सोडला होता.

"दार उघडा," मामा ओरडले. "पाणी आत घेवा. हलकी झाली ही, भार व्हया हिका."

मी माझं दार लोटलं. पट्ट्या इतक्या घट्ट चिकटलेल्या की खांदा लावावा लागला. मामांच्या बाजूचं दार पाण्याच्या रेट्याने हलेना, तेव्हा ते खाली वाकले आणि पायाजवळची राळ नखांनी उकरायला लागले. मी त्यांच्याकडे स्क्रू ड्रायव्हर टाकला. कापूस निघेना. त्यांनीच ठासलेला, तो कसा निघणार? माझ्या दारातून पाणी आत लोटलं, पायांवर, सीटवर. जीप जड होत होत खाली बसली, एका खडकाळ जागी टेकली, एका अंगाला कलली आणि थांबली. पुढचा प्रवाह तिथून खोल होता. आम्ही तिथे थांबलो नसतो, तर ही गोष्ट सांगायला मी नसतो.

पण थांबलो, म्हणजे नुसते थांबलो. काठ हाकेच्या अंतरावर होता. माणसं दोरखंड टाकत होती, तो निम्म्यात पडून वाहून जायचा. कोणी उतरायचा प्रयत्न केला, त्याला बाकीच्यांनी मागे ओढलं. रुग्णवाहिकेचं मागचं दार उघडं होतं आणि आतला स्ट्रेचरही मला दिसत होता. मी हॉर्न वाजवत राहिलो. कशासाठी, ते मला माहीत नाही. सगळे आमच्याकडेच बघत होते.

वैजूने पाय सीटवर घेतले होते आणि पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून ती वाकून बसली होती. तिचा श्वास मला माझ्या मानेवर लागत होता, तोकडा, वरच्या वर. आणि इंजिन चालू होतं. पाण्यात बुडालेली, कललेली जीप, पण इंजिन एका लयीत चाललेलं, कुठे अडखळ नाही. नाकाला त्या दिवशी पाणी शिवलंसुद्धा नव्हतं. जीप छान श्वास घेत होती, आणि वैजूला घेता येत नव्हता. मला तो पाइप उपटून फेकावासा वाटला.

"बंद करा ता," वैजू म्हणाली. "तेचा ऐकान... माका जास्त धाप लागता."

मी इंजिन बंद केलं. मग पाण्याचाच काय तो आवाज राहिला.

मामा अजून खाली वाकलेले होते. त्यांच्या बोटांमधून रक्त येत होतं आणि पाण्यात जात होतं. वैजूने हात लांब करून त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"बाबा, ऱ्हवांदे आता. काम चांगला झाला होता. एक थेंब... इलो नाय. आमी घेतलो तेवाच इलो."

मामा तेव्हा रडले. मीही रडलो, पण मी समोर तोंड करून होतो. तिला धीर कोणी द्यायचा, तर तीच आम्हाला देत होती. मी फक्त मागे हात नेऊन तिचा पाय धरून ठेवला. सूज आलेल्या पायात बोट रुतायचं आणि खळगा तसाच राहायचा.

दुपार गेली. संध्याकाळच्या उजेडात खालच्या वाडीतली माणसं ट्रकच्या ट्यूबा आणि लांब दोरखंड घेऊन आली. वैजूला एकाने पाठीवर बांधून नेलं. मामा सगळ्यात शेवटी आले. कोणी हात धरला तर झटकत होते.

वैजू वाचली. कुडाळला पोचेपर्यंत तिच्या छातीत पाणी भरलं होतं, तरी वाचली. पण डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, की हृदयावर फार ताण आला, आता ते पूर्वीसारखं होणार नाही. मी विचारलं, पुढच्या पावसाळ्यापर्यंत? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. हे मी तिला सांगितलं नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "कळला माका. बाबांका सांगू नकात म्हणजे झाला."

घरी जायचा विषय तिने स्वतःच बंद केला. दवाखान्याजवळ एक खोली भाड्याने घेतली. खिडकीतून बाहेर बघितलं तर शेजारच्या इमारतीची भिंत. घर, परडं, भोपळ्याचा वेल, कशाचंच नाव तिने काढलं नाही. मामांना सांगितलं, "माका पाण्याचो भय बसलो, बाबा. मी हयच ऱ्हवतंय." तिला कसलं पाण्याचं भय? पण मामांनी पुन्हा खटपट करू नये, पुन्हा आशा धरू नये, म्हणून तिने ते भय पत्करलं.

मामा कसले ऐकतात! दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी खोलीवर आले ते चपला काढायच्या आधी बोलायला लागले. "चूक खंय झाली ता गावला माका."

"बसा आधी," मी म्हटलं.

ते जमिनीवरच बसले. तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी फरशीवर जीपचा तळ काढला. "होडयेक पाणी नको. गाडयेक व्हया. मी गाडयेची होडी केलंय, म्हणान ती गेली. पाणी आत इला तर भार ऱ्हवता, चाक जमीन सोडना नाय. आता तळाक मोठी भोका पाडतंय. खालची दारा काढतंय. पाणी एका अंगान येतला, दुसऱ्या अंगान जातला. आणि वैजूक वर बसवया, मागे मचाण बांधून. पाय सुके."

"मचाणार?" वैजू म्हणाली. "माका काय माकडा हाकलूची हत?"

मामा हसले. इतक्या महिन्यांनी हसले. मग खिशातून सुतळी काढून त्यांनी तिला मापली, बैठकीपासून डोक्यापर्यंत, आणि गाठ मारली. ती ताठ बसून राहिली, श्वास लागला तरी हलली नाही.

"फुडल्या पावसात घराक जातलंस," मामा म्हणाले.

"जातलंय," ती म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं. "जाऊया ना हो?"

"जाऊया," मी म्हटलं. यापेक्षा जड शब्द मी आयुष्यात उच्चारलेला नाही.

मामा खुरवड्याला गेले आणि कामाला लागले. पूर ओसरल्यावर नदीतून ओढून काढलेली माझी जीप महिनाभर बंद ठेवून त्यांनी ती दुरुस्त केली. वैजू माघात गेली, त्या खोलीतच. तेव्हा नदीला घोट्याएवढंही पाणी नव्हतं, कॉजवेवरून पोरं सायकली नेत होती. तिला आम्ही जीपमधूनच घरी आणलं. बाराव्या-तेराव्याला लोक येऊन गेले, मामाही आपल्या गावी जातील असं वाटलं. ते गेले नाहीत. मचाणाची गादी शिवायची राहिली होती, ती त्यांनी शिवली.

पुढचा आषाढ आला. एका सकाळी मामा छत्री घेऊन दारात उभे राहिले.

"कॉजवेर पाणी इला. जितक्या त्या दिवशी होता, तितक्याच. चला."

"खंय?"

"बघूया."

मी नाही म्हणायला हवं होतं, असं लोक मला अजून सांगतात. एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी दोघांचा जीव घालवत होतास, म्हणतात. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला नाही म्हणता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं.

मी जीप पाण्यात घातली. भोकांतून पाणी आत आलं, पायांवरून, सीटवरून, माझ्या कमरेपर्यंत चढलं आणि पलीकडच्या अंगाने निघून गेलं. नदी आमच्यामधून वाहत होती. मध्यावर आलो. स्टिअरिंग जड होतं, चाकांखाली दगड लागत होते, एकेक दगड मला हाताला कळत होता. मागे मचाण करकरत होतं. इंजिन चाललं होतं. खांब एकामागून एक उजवीकडून मागे जात होते, सरळ, जसे जायला हवेत तसे. मग पुढची चाकं चढाला लागली आणि जीप पाण्याबाहेर आली. सगळीकडून पाणी गळत होतं. मी थांबलो.

"पोचली," मामा म्हणाले.

समोर कुडाळचा रस्ता होता, ओला, रिकामा. मी इंजिन बंद केलं नाही. मामा मागे वळून मचाणाकडे बघत राहिले. गादीला पाणी लागलं नव्हतं. त्यांनी हात लांब करून ती चाचपली आणि हात मांडीवर ठेवला.

"आता खंय जावया, मामा?" मी विचारलं.

पलीकडे जायचं कसं, एवढंच आम्ही दोघं वर्षभर बघत होतो.

"वळवा," ते म्हणाले.

मी जीप वळवली आणि पुन्हा पाण्यात घातली.